मिटलेला डोळा

बिनतेलाच्या केसांनी घराबाहेर पडण्याची शिक्षा कोणत्या गुन्ह्याला असते, हे मला कुणी सांगेल का? तेही रविवारी. कारण काय, तर डुकराला खोबरेलाचा वास येतो!

हुकूम चंदरचा. ऐंशीच्या दशकात आम्ही दोघं भांडुपच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन, टेबलाला टेबल लागून. तो वारली, मुलुंडच्या डोंगराकडच्या पाड्यातला. घरच्या भातात रानडुक्कर घुसत होतं, म्हणून त्याने रीतसर परवाना काढला होता. "बघायला ये. तोंड घरी ठेवून ये." (आता असलं काही करायला जाऊ नका; थेट आत टाकतील.)

मी राहायला घाटकोपरला. मुलुंडहून बसने शेवटच्या थांब्यापर्यंत, पुढे चढण. पाणी सोबत न्या. वाटेत फुकट मिळते ती फक्त धाप. चंदरच्या बायकोने, जनीने, तांदळाची भाकरी नि सुकट वाढली आणि ती धुणं नि हंडे घेऊन ओढ्यावर गेली.

आम्ही शेताच्या बांधाआड दबा धरून बसलो. डुक्कर आलं नि चंदरच्या धनुष्यातला बाण त्याला लागला. डुक्कर कारवीच्या झुडपांत शिरलं. मी उठलो, त्याने कॉलर धरून खाली बसवलं.

"बस रे. मागे लागलं की ते उलटतं. पडू दे."

खूप वेळाने निघालो. रक्ताचा थेंब दिसला की तो तिथलं पान मोडून ठेवायचा, माग हरवू नये म्हणून. थेंब ओढ्याकडे वळले, तसा त्याचा चेहरा उतरला. तरी पाऊल हळूच.

पाण्याच्या वाटेवर डुक्कर आडवं होतं.

"मेलं!" मी ओरडून पुढे धावलो, घसरलो. माझ्याकडे सांभाळायला दिलेल्या दोन बाणांपैकी एक मोडला, पातं घळीत गेलं.

"मागे हो! डोळा मिटलाय. मेलेल्याचा उघडा असतो."

डुक्कर उठलं. खालून हंडे वाजले.

"जने, थांब तिथंच!"

माझ्या हातातला उरलेला बाण ओढून त्याने सोडला, तो बरगडीत बसला. डुक्कर कोसळलं. पुन्हा थांबणं. मग चढाच्या अंगाने, पाठीमागून जाऊन त्याने लांब बांबूने उघड्या डोळ्याला स्पर्श केला. पापणी हलली नाही. तेव्हा कुठे त्याने जनीला वर बोलावलं.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुमच्या आवाजानं मेलेलंबी उठलं असतं."

सोबत आलेल्याचा वाटा असतो म्हणून मलाही पानात बांधून मिळाला. घरी आल्यावर आधी डोक्याला तेल चोपडलं. पण मनात राहिला तो चंदर: बायको खाली ओढ्यावर, आणि हा पाऊल मोजून टाकतोय. मला ते जमलं नसतं.

मोडलेल्या बाणाबद्दल तो कधीच बोलला नाही. पुढच्या आठवड्यात तो जेवायला उठला, तेव्हा लोहाराकडून करून आणलेलं नवं पातं मी कागदात गुंडाळून त्याच्या खणात ठेवलं.