दर रविवारी सात

रेइनो लाम्पिनेनने एकतीस वर्षं हँकॉक गावातल्या शाळेची बस चालवली. गुडघाभर बर्फातही ती वेळेवर पोचायची. निवृत्तीनंतर तीच शिस्त त्याने कुत्र्याच्या शौचाला लावली. वहीत तारीख, वेळ आणि एक आकडा. दोन म्हणजे घट्ट, सात म्हणजे निव्वळ पाणी. आकड्यांचा सचित्र तक्ता दवाखान्यातून मिळाला होता, तो त्याने फ्रिजवर चिकटवला. नाक मुरडायला घरात दुसरं कोणी नव्हतं.

मुस्ती नऊ वर्षांचा, काळा, अंगाने दांडगा. उन्हाळ्यात त्याचं वजन अडुसष्ट पौंड होतं, नोव्हेंबरात त्रेपन्न. त्याच्या आतड्याला काहीतरी सोसत नव्हतं. ते शोधायचं तर आठ आठवडे दवाखान्यातलं खास कोरडं खाणं आणि पाणी, बाकी जिभेला काही लागता कामा नये. आजवर टोस्टचा शेवटचा तुकडा मुस्तीचा असायचा. आता रेइनो त्याला बाहेरच्या खोलीत कोंडून जेवायचा. दाराच्या फटीतून त्याचा श्वास ऐकू यायचा.

पाचव्या आठवड्यात डॉक्टर ब्रेंडा कोस्कीने मुस्तीला काट्यावर उभं केलं.

“आणखी दोन पौंड गेले. रेइनो, खरं सांगा. काय घालताय याला?”

“पिशवीतलं. लहानपणी बसमध्ये खोटं तू बोलायचीस, मी नाही.”

“एकदाच बोलले होते.”

“डबा खिडकीतून फेकलास आणि म्हणालीस, वाऱ्याने नेला.”

ती हसली, पण लगेच गंभीर झाली. “या खाण्यानेही फरक पडत नसेल, तर माझ्याकडे फार काही उरत नाही. ऑपरेशन याला झेपणार नाही. मग शेवटच्या सुईचंच बोलावं लागेल.”

रेइनोने वही टेबलावर ठेवली. तिने ती ओढली आणि आकड्यांवरून बोट फिरवत गेली.

“आठवडाभर तीन, चार. रविवारी सात. परत रविवारी सात. शनिवारी काय करता तुम्ही?”

“सौना. दुसरं काय करणार शनिवारी?”

“आणि सौनात?”

“तापल्या दगडांवर सॉसेज भाजतो. पण याला कणभर देत नाही. तेलकट कागदसुद्धा खिशात घालून घरी आणतो.”

“किती भाजता?”

“दोन.”

“दोन्ही खाता?”

रेइनोने टोपी हातात फिरवली.

“एक सौनामागच्या ओंडक्यावर ठेवतो. बशीत. मोहरीची चटणी लावून.”

“ते कोण खातं?”

“डोमकावळे नेतात.”

“पाहिलंत?”

“नाही. सकाळी बशी रिकामी असते.”

मोहरीची चटणी रेइनो खात नाही, त्याचा थोरला भाऊ उर्हो खायचा, हे ब्रेंडाला माहीत होतं. चाळीस वर्षं दोघे दर शनिवारी अंगणातल्या सौनाच्या लाकडी खोलीत, गरम वाफेत शेजारी बसले होते, बहुधा न बोलता. उर्होला जाऊन दोन हिवाळे झाले होते.

“तुमचा डोमकावळा हा इथे बसलाय,” ती मुस्तीच्या डोक्यावर हात ठेवत म्हणाली. “तुम्ही आत वाफ घेत असता, तेव्हा हा अंगणात मोकळाच असतो ना?”

भुताखेतांवर रेइनोचा कधीच विश्वास नव्हता. तरी रविवारी रिकामी बशी आत आणताना त्याला बरं वाटायचं. कोणीतरी जेवून गेलं, एवढंच.

त्या शनिवारी त्याने सवयीने दोन सॉसेज काढली आणि एक परत ठेवलं. मुस्तीला घरातच कोंडलं. दगडांवर पाणी ओतलं, वाफ उठली. वरच्या फळीवरची भिंतीकडची जागा त्याने नेहमीप्रमाणे सोडली.

सकाळी दार उघडताच मुस्ती सौनामागे पळाला. रेइनो मागून गेला. कुत्र्याने ओंडक्यावरचा बर्फ हुंगला, नाकाने उकरला आणि तिथेच बसला.

“चल,” रेइनो म्हणाला. “आज काही नाहीये.”

मुस्ती हलला नाही. रेइनोही थोडा वेळ तिथेच उभा राहिला. मग कुत्रा उठला आणि कुंपणाशी जाऊन शौचाला वाकला.

घरात येऊन रेइनोने आधी वही उघडली. रविवार, सात वाजून दहा मिनिटं. तीन.