हाकवाले सर

आमचे सर स्वतःच्या केबिनमध्येसुद्धा हाक मारून शिरत. आत कुणी नाही हे ठाऊक असलं तरी दारातून एक दणदणीत "कोन हाय?" व्हायचंच. वसईतल्या आमच्या छोट्याशा कंपनीत त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या चिठ्ठीवर उरलं होतं. बाकी सगळ्यांसाठी ते हाकवाले सर.

सर अर्नाळ्याचे. त्यांच्या कोळीवाड्यात दारं दिवसभर सताड उघडी. शेजारीण थेट चुलीपर्यंत जाऊन मीठ घेऊन येणार, कुणी हरकत घेणार नाही. पण उंबऱ्यावरून हाक न मारता पाऊल टाकलं, तर अख्खी आळी गोळा होणार. हाच कायदा सरांनी आम्हाला लावला. एका रुग्णालयाच्या पेशंटांचे रिपोर्ट आम्ही क्लाउडवर सांभाळायचो. तिथे कुणाला आत सोडायचं हे फायरवॉलचे नियम ठरवत. नियम बदलायचा तर आधी ग्रुपवर हाक मारायची: मी अमुक, हे दार उघडतोय, या कामासाठी. बदल झाला की सगळ्यांच्या फोनवर भोंगा वाजे. भोंगा वाजला आणि हाक नसली, की सर खुर्चीतून उठलेच. "चोर पन दारातूनच येतो रे," ते म्हणत, "फक्त हाक मारत नाय."

आमच्या फुलपाड्याच्या घरी यायचे तेही खालच्या गेटपासून हाका मारत, हातात आईसाठी सुके बोंबील. आई म्हणायची, यांना हाकेची गरजच काय, वास आधीच जिना चढून येतो. पण चहा त्यांच्या हाकेबरोबरच गॅसवर चढायचा.

आम्हाला त्या हाकांचा कंटाळा यायचा, हे खरं. सर स्वतः कधी चुकतात, याची आम्ही टपून वाट बघत होतो. एका दुपारी चहा-वडे चालू असताना भोंगा वाजला. रुग्णालयाचं दार साऱ्या जगाला उघडं, उघडणाऱ्याचं नाव सरांचं, आणि ग्रुपवर हाक नाही! आम्ही हसत सुटलो. आमच्यातल्या सावंतने तर सरांना उद्याच्या वड्यांचा दंडही ठोठावला.

सर हसले नाहीत. हातातला वडा खाली ठेवून मला म्हणाले, "आधी माझं नाव बंद कर. हाक नाय मारली, म्हंजे तो मी नाय."

मी यंत्रणेतलं त्यांचं नाव बंद केलं, सावंतने दार लावलं. सकाळी एका खोट्या मेलला फसून सरांनीच पासवर्ड देऊन टाकला होता. आणखी थोडा वेळ हसत बसलो असतो, तर लोकांची दुखणी चव्हाट्यावर आली असती. एकही रिपोर्ट बाहेर गेला नाही. सरांनी मग ग्रुपवर रीतसर हाक मारली, की किल्ली माझ्याच मूर्खपणाने गेली. दुसऱ्या दिवशी वडेही आणले.

यंदा सर निवृत्त झाले. त्यांचं नाव यंत्रणेतून कायमचं काढायचं काम माझ्याकडे आलं. ग्रुपवर तसं लिहायला घेतलं आणि खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. मन होईना. शेवटी काही न लिहिताच बटण दाबलं.

भोंगा वाजला, आणि पाठोपाठ माझा फोन. भोंग्याच्या यादीत सरांचा नंबर राहून गेला होता. पलीकडे अर्नाळ्याचा वारा घोंघावत होता.

"कोनी काढलं माझं नाव? हाक कुठाय?"

"मी काढलं, सर." फोनवर हात आडवा धरून मी पुटपुटलो.

"मंग मोठ्यानं सांग की."

भर ऑफिसात उभा राहून मी ओरडून सांगितलं. सगळे माना वर करून बघत राहिले. "हां, आता बरोबर," म्हणून सरांनी फोन ठेवला.

भोंग्याच्या यादीतला त्यांचा नंबर मी अजून काढलेला नाही. तशी हाकही ग्रुपवर मारली आहे. कुणी हरकत घेतली नाही.