बारकीनं काढलेली तारीख

श्रीलंकेला जायचं आमच्या तिघींचं फोनवरच ठरलं. बारकी नागपूरच्या एका दवाखान्यात नर्स आहे. सुट्टी मिळणं तिलाच सगळ्यात अवघड, म्हणून तारीख तिनंच सांगावी असं आम्ही दोघी म्हणालो. "दिवाळी झाली की आठ दिवसांनी निघायचं," ती लगेच म्हणाली, "त्याच्या अलीकडं नाय अन् पलीकडं नाय." माझ्या शाळेची सुट्टी तेव्हा संपत आलेली असते, पण चार दिवस रजा टाकता येत होती. लंबूचं नाशिकला शिवणाचं दुकान. तिची दिवाळीची शिलाई उरकलेली आणि लग्नसराई अजून लागायची होती. कुणालाच कसली शंका आली नाही.

बारकी आणि लंबू ही काही त्यांची नावं नव्हेत. पुंडलिकनगरात आमची तिघींची घरं एका ओळीत होती आणि शाळेत जाताना आम्ही उंचीप्रमाणं चालायचो, एवढाच त्या नावांचा इतिहास. लग्नं झाली, नोकऱ्या लागल्या. मी मात्र त्याच शहरात राहिले, जवळच गारखेड्यात. तिघी एका वेळी एका खोलीत बसलो, त्याला सव्वीस वर्षं होऊन गेली होती.

निघायच्या आदल्या दिवशी दोघी माझ्याकडं उतरल्या. दारातच बारकीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काय गं, पार मास्तरीण दिसाया लागलीस की!"

"आणि तू नर्स. आल्या आल्या माझं वजन मोजायलीस."

लंबूनं तर चहाही होऊ दिला नाही. बॅग उघडून तिनं गडद निळा पोहायचा पोशाख काढून दाखवला. स्वतः शिवलेला, मनगटापर्यंत बाह्या, घोट्यापर्यंत पाय, गळ्याला बारीक लेससुद्धा. माझा नवरा पेपर घेऊन मुकाट्यानं आतल्या खोलीत गेला.

"तुला पोहता येतं?" मी विचारलं.

"नाय. पण समुद्रात शिरणार म्हणजे शिरणार."

पहिले पाच दिवस आम्ही डोंगरात होतो. चहाचे मळे पाहिले, नदीत डुंबणारे हत्ती पाहिले, आणि भात तर इतका खाल्ला, की लंबू झोपेत भाकरी मागत होती. पाचव्या रात्री समुद्राकाठच्या गावी मुक्कामाला उतरलो. लंबू दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच निळा पोशाख घालून, वर गाऊन चढवून तयार. तेवढ्यात आमचा ड्रायव्हर आला. साठीचा, कमी बोलणारा गृहस्थ. एरवी पँट-शर्टात असायचा, आज पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत होता.

"मॅडम, टुडे पोया," तो म्हणाला. पोया म्हणजे पौर्णिमा. त्या दिवशी त्यांच्याकडं सगळ्यांना सुट्टी असते आणि लोक विहारात जातात. तोही निघाला होता. समुद्रावर दुपारनंतर नेतो म्हणाला.

लंबूचा चेहरा पडला. मी बारकीकडं पाहिलं, तर ती खाली वाकून आपल्या बॅगेतून काहीतरी काढत होती. कडक इस्त्री केलेल्या तीन पांढऱ्या साड्या तिनं पलंगावर ओळीनं मांडल्या.

"तीन?" लंबू म्हणाली. मग तिच्या डोक्यात उजेड पडला. "अगं बये! तू पौर्णिमा बघून तारीख काढलीस! म्हणं अलीकडं नाय, पलीकडं नाय!"

"व्हय," बारकी शांतपणे म्हणाली. "सांगितलं असतं तर तू आली असतीस?"

"आले असते की! भांडून आले असते."

मग भांडण झालंच, पण ते साड्या नेसता नेसता. लंबूनं पोशाख काढायला साफ नकार दिला आणि त्याच्यावरूनच साडी नेसली. मनगटाशी निळ्या बाह्या दिसत होत्या. आरशात बघून तिलाच हसू फुटलं आणि भांडण तिथंच मिटलं.

विहार लहानसा होता, टेकडीवर. चपला खाली काढून आम्ही पायऱ्या चढलो. वर पांढऱ्या कपड्यांतल्या पंचवीस-तीस बायका चटयांवर बसल्या होत्या, बहुतेक म्हाताऱ्या. एकीनं सरकून आम्हाला जागा दिली. भंतेजींनी सुरुवात केली आणि बायका त्यांच्यामागून म्हणू लागल्या. पहिल्याच ओळीला बारकीचा आवाज त्यांच्यात मिसळला. पाच दिवस आम्ही पाणी मागायलासुद्धा हातवारे करत होतो. इथं मात्र पालीतला शब्द न शब्द तोच होता, बारकीच्या घरी रोज संध्याकाळी बुद्धवंदनेत म्हणत तो. शेजारच्या म्हातारीनं चमकून तिच्याकडं पाहिलं आणि तिचा हात हातात घेतला, तो शेवटपर्यंत सोडला नाही.

त्रिशरण झालं, पंचशील आलं, आणि माझ्याही ओठांतून ते बाहेर पडायला लागलं. मी चौथीत असताना बारकीच्या ओसरीवर बसून पाठ केलं होतं. इतक्या वर्षांनी एकही शब्द अडला नाही. लंबू माझ्याकडं बघतच राहिली.

नंतर पायऱ्यांवर बसलो, तेव्हा मी बारकीला सांगून टाकलं. आम्ही मूळचे सोयगावचे, शेतीवाडीवाले. चौथीत असताना आत्या गावाहून आली होती. अंगण झाडता झाडता मी पंचशील म्हणत होते, ते तिच्या कानावर पडलं. घरात मोठा गोंधळ झाला आणि बारकीच्या घरी जायचं नाही असा हुकूम सुटला. महिनाभर मी गेले नाही. बारकीनं विचारलं की मी सांगायचे, अभ्यास आहे.

"चौथीत कसला गं अभ्यास," बारकी म्हणाली. "मला तवाच कळलं होतं. मी नळावर पाणी भरायला आले तर तुझी आत्या हंडा बाजूला सरकवायची. तेवढं कळायला काय लागतं?"

ती पुढं म्हणाली, "आई रोज विचारायची, तुझी मैत्रीण का येत नाय? तिला खरं सांगितलं असतं तर तिला लागलं असतं. म्हणून मी सांगितलं, तिला गोवर आलाय."

"मला?"

"तुला. महिनाभर."

"थांब! म्हणून तुझ्या आईनं लिंबाचा पाला पाठवला होता व्हय? पिशवी भरून! आमच्या घरी कुणाला कळेना, हा कशासाठी. आत्यानं तर तो गव्हाच्या कोठीत टाकला, किडे लागू नयेत म्हणून."

लंबू इतकी हसली, की तिला पायरीचा कठडा धरावा लागला. बारकीही डोळे पुसत हसत होती.

"राग गेला का गं?" मी विचारलं.

तिनं जरा विचार केला. "बराचसा गेला. थोडा ठेवलाय. म्हातारपणी भांडायला काहीतरी पाहिजे."

ते ती गमतीत म्हणाली, पण सगळं गमतीत नव्हतं, आणि ते तसं नव्हतं हेच मला बरं वाटलं. मी तिच्या खांद्याला खांदा लावून बसून राहिले. तेवढ्यात ती म्हातारी बोलवायला आली. विहारामागं पंगत बसली होती. भात, वरण, नारळ घातलेली फणसाची भाजी. म्हातारी बारकीला पुन्हा पुन्हा वाढत होती आणि आपल्या भाषेत काहीबाही सांगत होती. बारकी मराठीत उत्तरं देत होती. दोघींचं व्यवस्थित चाललं होतं.

दुपारी समुद्रावर गेलो. लंबू धीटपणे गुडघाभर पाण्यात शिरली, पहिल्याच लाटेनं तिला खाली बसवलं आणि तिच्या हाताला धरून आम्ही दोघीही साड्यांसकट बसलो. नाकातोंडात पाणी गेलं. ड्रायव्हर लांबून काळजीनं बघत होता, पण आम्ही उठेचनात. पुढची लाट येत होती आणि बारकी ओरडत होती, "धरा गं मला, मी हलकी हाय!"