मधल्या भिंतीची ऊब

मीटर वाचणाऱ्याला लोकांच्या घरातलं सगळं कळतं, असा त्याचा समज होता. वीस वर्षं दारोदार फिरून त्याने आकडे टिपले होते. कोणाकडे पाहुणे मुक्कामाला आहेत, कोणाची पोरं दिवसभर टीव्हीपुढे लोळतात, हे तो आकड्यावरून सांगायचा आणि बहुतेकदा ते बरोबर निघायचं. गल्लीत त्याला ‘युनिट’ म्हणत. ते नाव तो पदक मिळाल्यासारखं मिरवायचा.

त्या थंडीत त्याने चंग बांधला, की घरातली ऊब घरातच ठेवायची. महिनाभर दुकानदाराचं डोकं खाऊन त्याने इन्सुलेशनचे फोमचे जाड तक्ते निवडले. छताला लावून झाले, खिडक्यांच्या फटी बुजवल्या, तरी चार तक्ते उरले.

“परत आणा की,” दुकानदार म्हणाला. “मधल्या भिंतीला कशाला लावता? पलीकडेही घरच आहे. तिथून असं काय जातंय?”

काय जातंय ते ह्याला पक्कं ठाऊक होतं. पलीकडे शिवणकाम करणाऱ्या मावशी एकट्या राहायच्या. त्यांचं मीटर वाचायला गेला असताना त्याने सहज भिंतीला हात टेकला होता. भिंत चांगली कोमट होती. ह्याचा हीटर नेमका तिच्या अलीकडे. मावशींनी पलंग त्याच भिंतीला लावला होता आणि त्यांचा स्वतःचा हीटर कोपऱ्यात फडक्याखाली झाकलेला होता.

“तुझीच कृपा रे,” त्या हसून म्हणाल्या होत्या.

तोवर तो गल्लीभर सांगत फिरायचा, की काटकसर शिकावी ती मावशींकडून. त्या दिवसापासून मात्र त्याच्या पोटात दुखायला लागलं. काटकसर कसली, आयत्या बिळावर नागोबा!

“अहो, जाईना का थोडी तिकडे,” बायको म्हणाली. “आपलं काय अडलंय त्यावाचून?”

“गळती ती गळती,” म्हणत त्याने चारही तक्ते त्या भिंतीला स्क्रूने आवळले. घर असं उबदार झालं, की स्वारी भर थंडीत बनियनवर बसायला लागली.

महिन्याने तो मावशींच्या दारात मीटर वाचायला उभा राहिला. आकडा जेमतेम हलला होता. म्हणजे मावशींना काहीच फरक पडला नव्हता! त्याला एकदम हायसं वाटलं, आणि इतके दिवस आपल्या मनाला काय टोचत होतं तेही कळलं.

“आत ये जरा,” मावशींनी हाक मारली.

अंगावर दोन स्वेटर, पायात जाड मोजे, हात काखेत. पलंग अजून भिंतीलाच होता. हीटरवरचं फडकं तसंच होतं.

“एक विचारू? रागावू नकोस. तुमचा हीटर बंद पडलाय का?”

“का हो?”

“महिना झाला, भिंत गार लागतेय. रोज हात लावून बघते मी. म्हटलं, ह्यांचं काहीतरी अडलंय. तू मानी, तोंडाने काही सांगायचा नाहीस.” त्यांनी पलंगाखालून एक गाठोडं ओढलं. शिवणातल्या उरलेल्या तुकड्यांची नवीकोरी रजई होती. “दोघांना पुरेल एवढी केलीय. माझं काय, मी एकटी. कसंही भागतं.”

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ‘मावशी, मीच...’ एवढं ओठांवर आलं होतं. तोंडातून निघालं ते भलतंच.

“हो. बिघडलाय. दुरुस्तीला टाकलाय.”

आणि त्याने ती रजई घेतली. घेतली!

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. तिने खणातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि त्याच्यापुढे ठेवला. जेवणाआधी चारही तक्ते खाली आले होते. भिंतीला भोकं तेवढी राहिली.

तिसऱ्या दिवशी मावशी जिन्यात भेटल्या. “झाला वाटतं दुरुस्त?”

“झाला, मावशी.”

“बरं झालं बाई. जिवाला घोर लागला होता.” रजई मात्र त्यांनी काही केल्या परत घेतली नाही.

खरं काय ते सांगायला तो त्यानंतर तीनदा त्यांच्या दारापर्यंत गेला. तिन्ही वेळा मीटर वाचून परत आला.