वरच्या फळीवरचा डबा

चौतिसाव्या आठवड्यात डॉक्टरबाईंनी सोनोग्राफीचा पडदा माझ्यापासून वळवला, तेव्हाच मला कळलं. "ठोके मिळत नाहीयेत," त्या म्हणाल्या. फाइलवर लिहिलं आययूएफडी, म्हणजे बाळ पोटातच गेलं.

मला वाटलं, आता भूल देतील आणि सगळं संपेल. कसचं काय! इंडक्शन करावं लागलं, म्हणजे औषध देऊन कळा आणायच्या आणि चारचौघींसारखंच बाळंत व्हायचं. दिवसभर कळा सोसल्या. शेजारच्या खोलीत मूल रडलं, माझ्या खोलीत सगळे गप्प. नर्सने विचारलं, "जवळ घेणार?" मी घेतलं. केस दाट होते. तुम्हालाही कुणी विचारलं तर घाबरू नका, घ्या.

दुसऱ्या दिवशी यशवंतपूरला घरी आले. सासूबाईंनी सगळं आवरून टाकलं होतं. दुपटी गायब, शेकायची शेगडी गायब, पंधरा दिवसांपूर्वी माझ्यासाठी वळलेल्या डिंकाच्या लाडवांचा डबाही गायब. मालिशवाल्या जयक्कालाही 'येऊ नको' म्हणून कळवलेलं. हिला आठवण नको, हा हेतू. नवराही 'आराम कर' एवढंच म्हणे, जणू मला ताप आला होता. कंबर मोडून आली होती, पण सांगू कुणाला?

तिसऱ्या दिवशी दूध आलं. असं होईल हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. न्हाणीघरात छातीशी टॉवेल धरून मी मोठ्याने रडले. फोनवर डॉक्टरबाई म्हणाल्या, "बाळ नाही हे शरीराला कळत नाही." लॅक्टेशन सप्रेशनची, म्हणजे दूध थांबवणारी, गोळी त्यांनी सांगितली.

बाहेर आले ती थेट स्वयंपाकघरात. "माझे लाडू कुठेत?"

सासूबाई गडबडल्या. "अगं, ते बाळंतिणीचे..."

"मग मी कोण आहे?"

इतक्या वर्षांत त्यांच्यावर मी कधी आवाज चढवला नव्हता. त्यांनी स्टूल ओढलं, वर चढल्या, वरच्या फळीवरचा डबा काढला आणि एक लाडू माझ्या हातावर ठेवला. मी उभ्याउभ्याच खाल्ला. मग त्यांनी पदराने डोळे पुसले आणि जयक्काला फोन लावला.

"उद्यापासून ये गं," त्या म्हणाल्या. "आमची सून बाळंत झालीय. मुलगी झाली. पोटातच गेली गं."

मुलगी झाली, असं तोवर घरात कुणीच म्हणालं नव्हतं.