मुरूमच्या तळ्याकडं तीन हंड्या

सोलापुरातून मोटार सुटली आणि माझ्या मांडीवर एक हंडी आली. शेजारच्या मल्हारी भोयांनी ती न विचारताच दिली होती. दुसरी त्यांच्या मांडीवर, तिसरी पायांत. आत मासळीचं बीज (पिल्लं) वळवळत होतं.

"हलवत ऱ्हावा, मास्तर. पाणी थांबलं की गुदमरत्यात."

मी निघालो होतो मुरूमच्या मावसभावाकडं, वाटेत मुलूख बघत. बघणं राहिलंच. मुरूमचं तळं गेल्या उन्हाळ्यात पार आटलं, मासा नावाला उरला नाही. भोयांच्या आळीत खाणारी तोंडं वाढलेली, आणि जर्मनीच्या लढाईमुळं ज्वारीही धड मिळेना. "यंदा पाणी लई हाय. ही जगली तर पोरं पोटभर खातील," मल्हारी म्हणाले. एवढं ऐकल्यावर हात थांबवायची सोय नव्हती.

पेट्रोल मिळेना म्हणून मोटार कोळशावर चालणारी. उतारू धक्क्यांना शिव्या देत होते, आम्ही दोघं धक्क्यांची वाट बघत होतो. पुढच्या बाकावर मुरूमचे एक लिंगायत अडते नाकाला उपरणं लावून बसले होते. त्यांना वास सोसत नव्हता.

निजामाच्या हद्दीवर करोडगिरी (जकात) नाक्याच्या शिपायानं हंड्या खाली उतरवल्या. "साब खाना खाके आने तक हात नक्को लगाव."

साहेब येईनात. मी चार पावलं जाई, परत येई. मल्हारी उकिडवे बसून नुसते बघत होते. मला त्यांचा रागच आला. पिल्लं वर येऊन तोंडं उघडू लागली.

तेवढ्यात अडते उतरले, उपरणं कमरेला बांधलं आणि एक हंडी घेऊन डुलवू लागले.

"अण्णा, तुम तो मच्छी खातेच नै," शिपाई म्हणाला.

"खात न्हाय. म्हणून डोळ्यांदेखत मरू द्यायची व्हय?"

एवढ्या बड्या माणसाला हटकणं शिपायाला जमेना. मग मी दुसरी उचलली, मल्हारींनी तिसरी. साहेब आले, आमच्याकडं बघून हसले आणि जा म्हणाले.

अणदूरला मोटार कोळशासाठी थांबली. माझे हात गुंतलेले, म्हणून अडत्यांनी एका हातानं हंडी सांभाळत दुसऱ्यानं मला कडक भाकरी आणि शेंगांची चटणी भरवली. मग मल्हारींना म्हणाले, "मोठी झाली की तुमी खाणारच की."

"व्हय अण्णा. खायासाठीच आणल्यात."

अडत्यांनी उरलेली भाकरी फडक्यात बांधली. हंडी मात्र हलवत राहिले.

मुरूमला पोचलो तर माझ्या हंडीतली बरीच पिल्लं पोट वर करून तरंगत होती. मला फार वाईट वाटलं. मल्हारींनी तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घेत हंड्या कलत्या केल्या, आणि उरलेली पिल्लं गढूळ पाण्यात दिसेनाशी झाली.

"जगतील ना?" मी विचारलं.

"आता काय दिसतंय? उन्हाळ्यात जाळं टाकू तवा कळंल."

परतताना रिकाम्या हंड्या माझ्याजवळ होत्या, सोलापुरात परत द्यायला. नाक्यावर तोच शिपाई खिडकीशी आला. "जिंदा हैं?"

मी हो म्हणालो. मोटार हलली. उन्हाळा अजून फार लांब होता, आणि मी मांडीवरची रिकामी हंडी हलवत होतो.