चोपन्न पायऱ्या

माझे मामेसासरे, म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा, गेल्या अकरा वर्षांत जागेपणी सलग वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ कुठेही बसलेले नाहीत. आकड्यांच्या बाबतीत मी जरा काटेकोर आहे. 'साधारण', 'जवळजवळ' हे शब्द मला चालत नाहीत. म्हणून हे विधान मी मामींकडून तपासून घेतलं आहे. अपवाद एकच, दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीतला, बावीस मिनिटांचा. त्याबद्दल मामांनी त्या डॉक्टरांना अजून माफ केलेलं नाही. "तोंडात त्यांचे दोन्ही हात होते हो," ते सांगतात, "नाहीतर मी उठलोच होतो."

याचं मूळ त्यांच्या गुडघ्यांत आहे. अकरा वर्षांपूर्वी दोन्ही गुडघ्यांत संधिवात निघाला. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो पाहिले, गोळ्या लिहून दिल्या आणि दारापर्यंत पोचलेल्या मामांना, जसं सगळ्यांनाच सांगत असतील तसं, म्हटलं, "काका, बसून राहू नका हं. हालचाल ठेवा." दुसरा कोणीही 'बरं' म्हणून घरी गेला असता. पण मामा चौतीस वर्षं खडकीच्या एका कारखान्यात तपासनीस होते. तयार झालेला प्रत्येक नग मोजायचा आणि केसभर जरी फरक असला तरी बाजूला काढायचा, हे त्यांचं काम. ते दारातून परत आले. "बसून राहू नका म्हणजे किती वेळ?" डॉक्टर म्हणाले, "फार वेळ." "फार म्हणजे किती?" बाहेर चौदा पेशंट ताटकळत होते. डॉक्टरांनी सुटका करून घेण्यासाठी वीस मिनिटं असं सांगून टाकलं. मामांनी ते चिठ्ठीवर लिहून मागितलं, 'वीस मिनिटांनी उठून तीन मिनिटे चालणे', खाली सही घेतली, आणि पुढच्या चौकात त्या चिठ्ठीला लॅमिनेशन करून घेतलं.

तेव्हापासून मामांच्या सदऱ्याच्या खिशात एक पिवळा, अंड्याच्या आकाराचा, स्वयंपाकघरात वापरतात तसला टायमर असतो. तो वाजला की मामा उठतात, मग ते कुठेही असोत. कसबा पेठेतल्या त्यांच्या न्हाव्याने सुरुवातीला दोन-तीनदा समजावून पाहिलं. आता टायमर वाजला की तो वस्तरा मिटतो, मामा अर्ध्या गालाला साबण लावून गळ्यातल्या पांढऱ्या कापडासकट गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतात, आणि वाटेत भेटलेल्यांची विचारपूसही करतात. कोणी बिचकलं तर म्हणतात, "काही नाही, दाढी चाललीय." एकदा त्या अवस्थेत त्यांना भाजीवाली भेटली आणि ते कोथिंबिरीची जुडी घेऊन खुर्चीत परतले. उरलेली दाढी कोथिंबीर मांडीवर ठेवून झाली.

पण टायमरचा सगळ्यात मोठा पराक्रम मी स्वतः पाहिला आहे. आमच्या एका दूरच्या नातलगांकडे आम्ही दुखवट्याला गेलो होतो. खोलीत अकरा माणसं खाली मान घालून बसली होती. कोणी बोलत नव्हतं. आणि मामांच्या खिशात टायमर खणखणला. मामा अत्यंत गंभीर चेहऱ्याने उठले आणि सतरंजीच्या कडेने खोलीला फेऱ्या घालू लागले. दुसऱ्या फेरीला, वारलेल्या गृहस्थांचे थोरले भाऊ उठले. त्यांचेही गुडघे आखडले होते, पण सुरुवात कोणी करावी म्हणून ते थांबले होते. तिसऱ्या फेरीला त्यांच्या विहीणबाई सामील झाल्या. तेवढ्यात बाहेरून एक जोडपं आलं. त्यांनी दारातून हा प्रकार पाहिला, या घराण्याची काहीतरी रीत असेल असं समजून चपला काढल्या, हात जोडले आणि तेही रांगेत शिरले. तीन मिनिटं झाल्यावर मामा थांबले तेव्हा मागे सातजण फिरत होते. परतताना त्या जोडप्यातल्या बाईंनी माझ्या बायकोला हळूच विचारलं, "पाचच फेऱ्या घालायच्या असतात का हो?"

घरातही त्यांनी गुडघ्यांना आराम मिळू नये अशी चोख व्यवस्था केली आहे. एक वस्तू दुसरीजवळ ठेवायची नाही, हा नियम. वर्तमानपत्र गॅलरीत, चष्मा देवघरात, चहाचा कप ओट्यावर आणि बशी पलंगाच्या उशाशी. एका सकाळी मी सहज मोजलं. पहिला घोट ते शेवटचं पान, यात मामांची तीनशे बारा पावलं पडली, तीही दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढ्या जागेत. मामींनी अकरा वर्षं हे सहन केलं आहे. "माझी साखर कुठे असते विचार," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या. "न्हाणीघराच्या फळीवर. पाहुणे आले की मी आधी आंघोळीला गेल्यासारखी जाते आणि मग चहा घेऊन बाहेर येते."

शिवाय दारामागे एक पाटी आहे. डॉक्टरांच्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मामांना जिन्याचा नियम सांगितला होता: चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. पण आज बरा कोणता, हे ठरवणार कोण? त्यामुळे रोज सकाळी मामा पलंगाच्या कडेला बसून दोन्ही गुडघे दहा-दहा वेळा वाकवतात, कान देऊन ऐकतात आणि पाटीवर खडूने निकाल लिहितात. 'डावा पास. उजवा सशर्त पास.' थंडीत कधीकधी 'दोन्ही फेरतपासणीस' असतं. मग कढत पाण्याची पिशवी, पंधरा मिनिटं, आणि पुन्हा तपासणी. एकदा मी म्हटलं, "मामा, एखाद दिवशी दोन्ही नापास झाले तर?" ते म्हणाले, "जावईबापू, नापास माल कारखान्याबाहेर जात नाही."

आणि इथेच सगळा घोळ होता. कारण मामांचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, इमारतीला लिफ्ट नाही, आणि रस्त्यापासून त्यांच्या उंबऱ्यापर्यंत बरोबर चोपन्न पायऱ्या आहेत. मागच्या पावसाळ्यात एके दुपारी मामा वर येता येता दुसऱ्या मजल्याच्या अलीकडे अडकले. दोन्ही गुडघे एकदम संपावर गेले. पहिल्या मजल्यावरच्या बाई हात द्यायला आल्या, तर यांनी त्यांना परत पाठवलं आणि पायरीवर बसून टायमर लावला. वीस मिनिटांनी तो वाजल्यावर उठले आणि वर गेले. मामांच्या दृष्टीने यात काळजीचं काही नव्हतं. यंत्रणेने काम केलं होतं. पण हे खराडीला त्यांच्या मुलाच्या कानावर गेलं. तो दहाव्या मजल्यावर राहतो, त्याच्याकडे दोन लिफ्ट आहेत, आणि तो मुळात चांगला मुलगा आहे. तो आला आणि म्हणाला, "बाबा, पुरे आता. तुम्ही दोघं माझ्याकडे चला."

मामा अडतीस वर्षं त्या घरात राहत होते. "तिथे मला ओळखतं कोण?" ते म्हणाले. "लिफ्ट?"

"ओळख होते हो हळूहळू. इथे कधी पडलात तर?"

"माल न तपासता नापास करता येत नाही," मामा म्हणाले. "परीक्षा घे. पास झालो तर राहीन. नाही तर येईन."

मामींना कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी आतूनच सांगितलं, "मला कुठेही चालेल. फक्त साखर स्वयंपाकघरात पाहिजे."

नियम मामांनी स्वतः लिहिले, नऊ कलमं. चोपन्न पायऱ्या चार मिनिटांत चढायच्या. कठडा धरायला परवानगी, माणूस धरायला नाही. बसायचं नाही. संधी एकच. नापास झाल्यास महिन्याच्या आत खराडी. सहावं कलम असं होतं: 'मध्ये कोणत्याही कारणाने थांबल्यास तो वेळ धरण्यात येईल.' मुलगा म्हणाला, "बाबा, हे कशाला? दम लागला तर थांबा की." मामा म्हणाले, "सवलत घेऊन पास झालो असं उद्या तूच म्हणशील." पंच म्हणून दोघांनीही माझं नाव सुचवलं. हा मुलगा खोटं बोलणार नाही, अशी माझी ख्याती आहे. मी त्रेपन्न वर्षांचा असलो तरी मामा मला मुलगाच म्हणतात. मी होकार दिला. याचा मला पुढे पश्चात्ताप व्हायचा होता.

सराव तीन आठवडे चालला. मामा रोज दोनदा चढत होते आणि वेळ मला फोनवर कळवत होते. शेवटच्या आठवड्यात ते तीन मिनिटं पन्नासवर आले. सगळी इमारत या गोष्टीत गुंतली होती. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यातली कुंडी उचलून घरात नेली. दुसऱ्या मजल्यावरचे शेखभाई, ज्यांचं खालीच पुस्तकबांधणीचं दुकान आहे, त्यांनी हलणारा कठडा दोन खिळे ठोकून पक्का केला आणि मला बजावलं, "लिहून घ्या साहेब, मामा पास. आमचे कॅरमचे तीन डाव अजून बाकी आहेत."

रविवारी सकाळी आठ वाजता मामा इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या पायरीशी उभे राहिले. पाटीवर 'डावा पास, उजवा पास' होतं. मी वर जाऊन पाहून आलो होतो. मी घड्याळ सुरू केलं आणि मागोमाग चढू लागलो. अठरा पायऱ्यांना एक मिनिट सतरा सेकंद. उत्तम. पहिल्या मजल्यावरच्या बाई तोंडावर पदर धरून उभ्या होत्या, कारण बोलून लक्ष विचलित करायचं नाही असं मामांनी त्यांना सांगितलं होतं. आणि एकतिसाव्या पायरीवर वरून शेखभाई आले. त्यांच्या खांद्यावर गॅसचं रिकामं सिलिंडर होतं. गॅसची गाडी नेमकी तेव्हा खाली आली होती, आणि ती कोणासाठी थांबत नाही. जिन्यावरून एका वेळी एकच माणूस जातो.

शेखभाई जागच्या जागी थबकले. "अरे बापरे, आज परीक्षा! मामा, तुम्ही या. मी मागे जातो."

"सिलिंडर घेऊन मागे? पाठमोरे जिना चढणार?" मामा भिंतीला टेकून उभे राहिले. "या, या. आधी तुम्ही."

"नाही हो मामा, तुमचं घड्याळ चालू आहे!"

"ते जावयाच्या हातात आहे, त्याला ओझं नाही. तुमच्या खांद्यावर आहे. उतरा आधी. सावकाश. खालची पायरी ओली आहे."

शेखभाई उतरले. सतरा सेकंद गेले. मामा पुन्हा चढू लागले, पण थांबलेला गुडघा लगेच हलत नाही, हे मला तेव्हा मागून दिसलं. तरी चढण्याची गती त्यांनी सोडली नाही. उंबऱ्याला पाय लागला तेव्हा चार मिनिटं अकरा सेकंद झाली होती.

मग मुलगाच म्हणाला, "जिजाजी, सतरा वजा करा ना. तीन चोपन्न. झाले ना पास?" ज्याला त्यांना न्यायचं होतं, तोच हे म्हणत होता. शेखभाई सिलिंडर खालीच टाकून धापा टाकत वर आले होते. "साहेब, माझी चूक आहे ती. माझ्या नावावर लिहा." मी मामांकडे पाहिलं. मला वाटलं, त्यांनी नुसती मान हलवली असती तरी मी आयुष्यात पहिल्यांदा आकडा बदलला असता.

"कलम सहा वाच," मामा मुलाला म्हणाले.

"बाबा, पण त्याला कारण होतं!"

"कारण प्रत्येकाकडे असतं. चौतीस वर्षं लोक मला कारणं सांगत होते. चांगली चांगली कारणं असायची." ते माझ्याकडे वळले. "लिहा. चार अकरा. नापास." आणि मग, बहुधा माझा चेहरा पाहून, "अहो, आकडा बरोबर आहे ना? मग झालं."

मी लिहिलं. आकडा बरोबर होता. तो तसा लिहायला हवा होता की नाही, हे मात्र मला अजून ठरवता आलेलं नाही.

करारात महिना होता. मामा अठ्ठाविसाव्या दिवशी निघाले. सामान आधीच गेलं होतं, मामी मुलाबरोबर गाडीत जाऊन बसल्या होत्या. मी मामांना आणायला वर गेलो. त्यांनी कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं, आणि दुखरा पाय आधी टाकत उतरायला लागले. मी सवयीने घड्याळ हातात घेतलं होतं. दुसऱ्या मजल्यावर शेखभाईंच्या घरात गेले. तिथे चहा झाला, कॅरमच्या एका डावाचा निकाल लागला आणि उरलेल्या दोन डावांवरून भांडण झालं. एकतिसाव्या पायरीवर ते उगाचच थांबले आणि कठड्याचे ते दोन खिळे अंगठ्याने दाबून पाहिले. पहिल्या मजल्यावर कुंडी परत जागेवर आली होती. तिला पाणी कमी पडतंय, असं त्यांनी बाईंना सांगितलं. बाईंनी तांब्या आणला आणि दोघांनी मिळून तिला पाणी घातलं. मग शेवटच्या अठरा पायऱ्या. त्या मामा इतक्या हळू उतरले की एकेका पायरीवर दोन्ही पाय एकमेकांशेजारी ठेवून घेत होते. दुखत असणार, पण केवळ दुखण्यामुळे ते तसं करत होते असं मला वाटलं नाही.

रस्त्यावर आल्यावर ते वळून वर पाहतील असं मला वाटलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"किती?"

"मोजलं नाही, मामा."

नापास नगाकडे ते कसे पाहत असतील, ते मला त्या क्षणी कळलं.

"मग इतका वेळ," मामा म्हणाले, "घड्याळ हातात धरून करत काय होतात?"